"चावी आली नाही": थिएटरच्या केबिनमधल्या बावीस लाख आरशांची गोष्ट

शुक्रवार, सकाळी साडेनऊचा पहिला खेळ. तालुक्याच्या गावातलं थिएटर. बाहेर ताशा वाजून गेला होता, हिरोच्या कटआउटला हार घालून झाला होता आणि आत माणसं पावणेदहा, दहा, सव्वादहा असे आकडे मोजत बसली होती. राष्ट्रगीत झालं, तंबाखूविरोधी जाहिरात दोनदा झाली आणि दिवे पुन्हा लागले. मागून शिट्ट्या, मग शिव्या. मी उठून केबिनच्या जिन्यापाशी गेलो, तर ऑपरेटरमामा मोबाईल कानाला लावूनच खाली उतरत होते. "सिनेमा काल रात्रीच आलाय हो. चावी आली नाही."

माझ्यामागे उभ्या असलेल्या आजोबांनी लगेच तोडगा काढला. "मग कुलूप फोडा की! त्यात काय एवढं?"

आजोबांना वाटलं, केबिनची किल्ली हरवली. खेळ सुरू झाला सव्वाअकराला आणि दुपारचे दोन्ही खेळ घसरत गेले. मोठ्या सिनेमांच्या वेळीही "केडीएम न आल्याने सकाळचे खेळ रद्द" अशी बातमी अधूनमधून येते आणि वाचणाऱ्याला काही उमगत नाही. सिनेमा आहे, प्रोजेक्टर आहे, वीज आहे, प्रेक्षक आहेत, मग अडलं कुठे? ते कळायचं तर आधी त्या केबिनमध्ये डोकवायला हवं. मी त्या दिवशी डोकावलो. मामांनाही कुणाकडे तरी मन मोकळं करायचं होतंच.

आधी रीळ आठवू

ज्यांनी रिळाचा सिनेमा पाहिला त्यांना केबिनमधली ती खटखट आठवत असेल. ३५ मिलिमीटर रुंदीची फीत, तिच्यावर एकामागून एक छोटे पारदर्शक फोटो. एका फुटात असे १६ फोटो आणि सेकंदाला २४ फोटो दाखवायचे, म्हणजे दर सेकंदाला दीड फूट फीत. अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट होतात, चार किलोमीटरहून जास्त. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली तरी उरावी.

फीत सरळ धावत मात्र नव्हती. प्रत्येक फोटो दिव्यापुढे क्षणभर थांबायचा आणि पुढचा येईपर्यंत एक पातं उजेड अडवायचं. हे थांबणं-सरकणं सेकंदाला २४ वेळा, म्हणून ती खटखट. आणि तेवढ्याच वेळा फितीच्या कडेची भोकं ओढली जायची. शंभर खेळ झाले की फितीवर उभे ओरखडे पडायचे आणि पिटातलं पब्लिक म्हणायचं, "पाऊस पडतोय!"

एका प्रिंटचा खर्च पन्नास-साठ हजारांच्या घरात जायचा. मराठी निर्माता मोजक्या प्रिंट काढायचा आणि त्याच गावोगाव फिरायच्या. शहरात पाहिलेला सिनेमा आमच्याकडे येईपर्यंत त्याच्यावर भरपूर पाऊस पडून गेलेला असायचा. जवळच्या दोन थिएटरांत एकाच प्रिंटवर खेळ चालायचे, तेव्हा संपलेलं रीळ घेऊन सायकलवाला दुसरीकडे धावायचा. तो पंक्चर झाला की तिथलं मध्यंतर लांबायचं. तेव्हाही खेळ अडायचे, पण का अडला ते सगळ्यांना कळायचं.

कवडशांचा खेळ

आताच्या प्रोजेक्टरमध्ये फीत नाही, फोटो नाही. आहेत ते आरसे.

लहानपणी उन्हात आरसा धरून समोरच्याच्या तोंडावर कवडसा पाडला असेलच. आरसा किंचित कलवला की कवडसा भिंतीवर, परत कलवला की गायब. आता अशी बावीस लाख मुलं एका मैदानात ओळीनं बसवा, प्रत्येकाच्या हातात एक आरसा द्या आणि प्रत्येकाला भिंतीवरचा एकच ठिपका नेमून द्या. "तू पाड, तू पाडू नको" असं प्रत्येकाला कानात सांगता आलं तर भिंतीवर चित्र उमटेल. डिजिटल प्रोजेक्टर हेच करतो. फक्त ते मैदान तुमच्या तळहातात मावेल एवढ्या चिपवर असतं.

या चिपचं नाव डीएमडी. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी ती १९८७ मध्ये बनवली आणि पुढे २०१५ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. आरसे बनवून ऑस्कर मिळवणारा माणूस मला भलताच आवडतो. साध्या '२के' प्रोजेक्टरच्या चिपवर २०४८ गुणिले १०८०, म्हणजे २२ लाख ११ हजार ८४० आरसे असतात. '४के'च्या चिपवर त्याच्या चौपट, ८८ लाखांच्या वर. एकेक आरसा इतका बारीक, की माणसाच्या केसाच्या जाडीत पाच-सहा सहज बसावेत. प्रत्येक आरसा सूक्ष्म बिजागरीवर टेकलेला आणि त्याच्याखाली स्मृतीचा एक कप्पा, ज्यात फक्त शून्य किंवा एक. एक म्हणजे आरसा १२ अंशांनी भिंगाकडे कलतो आणि पडद्यावर ठिपका उजळतो. शून्य म्हणजे तो विरुद्ध बाजूला १२ अंश कलतो आणि उजेड भलतीकडे जातो.

इथे प्रश्न पडतो. आरसा एक तर 'हो' म्हणणार किंवा 'नाही', मग अर्धवट उजेड, सावल्या, गालावरची खळी हे सगळं कुठून येतं? टेबलफॅन आठवा. पंखा जोरात फिरला की पाती दिसत नाहीत, एक धूसर चकती दिसते. आरसाही सेकंदाला हजारो वेळा इकडे-तिकडे होतो. वेळातला निम्मा वेळ तो भिंगाकडे असेल तर डोळ्याला मध्यम करडा ठिपका दिसतो, दहावा हिस्सा असेल तर गडद. थोडक्यात, हा प्रोजेक्टर उजेड कमी-जास्त करतच नाही, तो फक्त किती वेळ दाखवायचा ते ठरवतो. बाकीची बेरीज तुमचा डोळा करतो.

रंगांचं काय? थिएटरच्या मोठ्या प्रोजेक्टरमध्ये पांढरा उजेड लोलकातून जातो आणि लाल, हिरवा, निळा असा तीन वाटांनी फुटतो. प्रत्येक वाटेवर एकेक चिप. तिघींचे कवडसे परत एका भिंगातून बाहेर पडतात आणि पडद्यावर नेमके एकमेकांवर बसतात. शाळेतल्या किंवा ऑफिसातल्या स्वस्त प्रोजेक्टरमध्ये बऱ्याचदा एकच चिप असते आणि तिच्यापुढे रंगीत काचांचं चाक गरगर फिरतं. आधी लाल चित्र, मग हिरवं, मग निळं, इतक्या झपाट्यानं की ती एकत्रच दिसतात. अशा पडद्यावरून नजर पटकन फिरवली तर काहींना कडेला क्षणभर इंद्रधनुष्य दिसतं. पुढच्या मीटिंगमध्ये करून पाहा, तेवढाच विरंगुळा.

काळा रंग म्हणजे फेकून दिलेला उजेड

मामांनी मला दाखवलेली आणि तेव्हापासून डोक्यातून न गेलेली गोष्ट ही. पडद्यावर अमावास्येची रात्र, हिरो अंधारात चाचपडतोय, आणि केबिनमधला दिवा मात्र भर दुपारच्या दृश्याला असतो तेवढाच धगधगतोय. आरसे तो सगळा उजेड एका काळ्या धातूच्या सापळ्याकडे वळवतात, तिथे त्याची उष्णता होते आणि ती पंखे-नळ्यांवाटे छपरावर निघून जाते. थिएटरातला काळोख म्हणजे बाजूला टाकलेला उजेडच.

त्यातला थोडासा भिंगाकडे झिरपतोच. म्हणून बऱ्याच थिएटरांत काळा रंग गडद राखाडी दिसतो. नव्या लेझर प्रोजेक्टरांत हे झिरपणं कमी असतं आणि काहींत अंधाऱ्या दृश्याला मूळ उजेडच मंद करता येतो.

आता तो दिवा. अनेक वर्षं थिएटरांत झेनॉन वायूचा दिवा असायचा आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. काचेचा फुगा, आत प्रचंड दाबाखाली वायू, दोन ते सात हजार वॉट. बदलताना चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड मोजे घालतात, कारण तो फुटला तर बॉम्बसारखा फुटतो. आयुष्य साधारण पाचशे ते दोन हजार तास. त्याची चमक पहिल्या दिवसापासून उतरत जाते, पण दिवा महाग, म्हणून मालक "अजून चालतोय की" म्हणत ताणतो. पडदा किती उजळ असावा याचं मानक आहे, १४ फुट-लँबर्ट. हे पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचं माप. 'थिएटरातलं चित्र अंधुक का दिसतं' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा सिनेमात नसतं, ताणलेल्या दिव्यात असतं. त्रिमितीच्या खेळाला तर चष्मा आणि फिल्टर मिळून बराचसा उजेड खातात, तिथे जुना दिवा म्हणजे गॉगल लावून संध्याकाळचा सिनेमा.

लेझरचा उजेड वीसेक हजार तास टिकतो, रंग जास्त गर्द देतो. म्हणून नवीन मल्टिप्लेक्स तिकडे वळली आहेत.

सिनेमा येतो कशात?

रिळांच्या पेट्यांच्या जागी आता एक हार्ड डिस्क येते, नाहीतर उपग्रह किंवा इंटरनेटवरून थेट थिएटरच्या सर्व्हरमध्ये सिनेमा उतरतो. या गाठोड्याला डीसीपी म्हणतात. त्याचे नियम हॉलीवूडच्या सात बड्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन ठरवायला घेतले आणि २००५ मध्ये पहिल्यांदा जाहीर केले. म्हणजे लागोसपासून लातूरपर्यंत कुठल्याही प्रमाणित प्रोजेक्टरवर तेच गाठोडं चालावं.

गाठोड्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटल वेगळी. म्हणून एकाच मराठी सिनेमाचा एक खेळ इंग्रजी सबटायटलसह आणि दुसरा त्यांच्याशिवाय दाखवता येतो.

चित्र साठवण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मोबाईलवर सिनेमा बघताना जो डेटा येतो तो सोसायटीच्या वॉचमनच्या वहीसारखा असतो. पहिल्या ओळीत सगळं लिहायचं आणि पुढे "वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे". मागची भिंत हलली नाही, मग ती पुन्हा कशाला पाठवा? जागा वाचते, पण चित्रात अचानक धावपळ झाली की चौकोन-चौकोन दिसतात. डीसीपीत "वरीलप्रमाणे" चालत नाही. सेकंदाच्या २४ चौकटींतली प्रत्येक चौकट पूर्ण, स्वतंत्रपणे साठवलेली. सेकंदाला कमाल २५० मेगाबिट. या कमाल मर्यादेनं हिशेब केला तर अडीच तासांचा सिनेमा २८० जीबीपर्यंत जातो.

"पण माझा टीव्ही तर ४के आहे!"

हा आक्षेप हमखास येतो. घरी ४के टीव्ही आणि अनेक थिएटरांत अजून २केच, मग तिकिटाचे पैसे कशाचे?

आरशांची संख्या ही गोष्टीची एकच बाजू. घरचा ४के सिनेमा इंटरनेटवरून सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटनं येतो आणि त्यात रंगांचा तपशील आणखी कापलेला असतो. थिएटरात दहापट जाड नळी आहे आणि रंगांना कात्री नाही. शिवाय प्रत्येक रंगाच्या ४०९६ छटा, साध्या टीव्हीला २५६. मावळतीच्या आकाशात टीव्हीवर पट्टे-पट्टे दिसतात ते याच फरकामुळे.

तरीही सांगतो, पहिल्या तीन रांगांत बसणाऱ्याला २के आणि ४केमधला फरक दिसतो, मधल्या रांगेच्या मागे फारसा नाही. आणि ताणलेला दिवा, मळका पडदा आणि केबिनची धुरकट काच असेल तर ८८ लाख आरसेही कामाचे नाहीत. घरचा चांगला टीव्ही अशा थिएटरपेक्षा उजवाच.

आता चावी

डीसीपी गाठोडं कुलूपबंद असतं. कुलूप १२८ बिटचं, म्हणजे आकडे एकेक करून बघत बसलात तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. आजोबांचा तोडगा इथे हरतो. हार्ड डिस्क चोरून नेली तरी चोराच्या हाती नुसता कचरा.

उघडायला लागते ती केडीएम, म्हणजे चावीचं पत्र. काही किलोबाइटची इवलीशी फाईल, ईमेलनं येते. पण ही चावी सगळ्या थिएटरांना एक नसते. प्रत्येक पडद्याच्या सर्व्हरची स्वतःची एक उघडी कडी असते, जी कुणालाही देता येते. वितरकाच्या बाजूनं सिनेमाची चावी एका पेटीत ठेवून त्या कडीनं पेटी बंद करतात आणि पाठवतात. बंद कुणीही करू शकतो, उघडू शकतो तो फक्त तो एक सर्व्हर. स्क्रीन एकची चावी स्क्रीन दोनला चालत नाही. एसी बिघडला म्हणून खेळ शेजारच्या पडद्यावर हलवायचा तर नवी चावी मागवावी लागते.

पत्रात वेळही लिहिलेली असते. अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. सर्व्हरचं घड्याळ मागे सरकवून फसवायचं म्हणाल तर त्या घड्याळात वर्षभरात सहा मिनिटांपलीकडे फेरफार करता येत नाही.

आणि एक 'लग्न'ही असतं. मी थट्टा करत नाहीये, तांत्रिक भाषेतच याला 'मॅरेज' म्हणतात. सर्व्हरचा मुख्य भाग आणि प्रोजेक्टर एकमेकांना ओळखतात, त्यांची जोडी नोंदलेली असते. कुणी नको ते झाकण उघडलं की ते लग्न मोडतं आणि पडदा काळा. मग माणसानं प्रत्यक्ष प्रोजेक्टरपाशी येऊन बटण दाबून ते पुन्हा लावून द्यायचं. दूर बसून, फोनवरून जमत नाही. मामा म्हणाले, "माझ्या पोराचं एकदाच झालं. याचं चारदा लावलंय."

त्या शुक्रवारी चावी का आली नाही? निर्माता, वितरक, चाव्या बनवणारी कंपनी आणि थिएटर अशी ही साखळी. कुठे पैसे जमा व्हायचे राहिले, कुठे सर्व्हर बदलल्याचं कुणी कळवलं नाही, कुठे ईमेल भलत्या पत्त्यावर गेलं. आमच्याकडे नेमकं काय झालं ते मामांनाही कुणी सांगितलं नाही. शिव्या मात्र त्यांनीच खाल्ल्या.

"एवढी कुलपं, मग पायरसी कशी होते?"

कारण चित्र शेवटी पडद्यावर पडतंच आणि पडद्याला कुलूप लावता येत नाही. मोबाईल किंवा कॅमेरा घेऊन बसलेल्याला चावी लागत नाही. त्याच्यासाठी दुसरी युक्ती आहे. प्रोजेक्टरचा सर्व्हर खेळ चालू असताना चित्रात आणि आवाजात एक न दिसणारी, न ऐकू येणारी खूण विणत जातो. कुठलं यंत्र, कुठला दिवस, किती वाजता. चोरलेली प्रत सापडली की ती कुठल्या पडद्यावरून, कुठल्या खेळाला उचलली ते काढता येतं. आपल्याकडे २०२३ च्या चित्रपट कायदा दुरुस्तीनंतर अशा चोरीला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आहे.

पैसे कुणी भरले?

रीळ गेलं त्यात सर्वांत मोठा फायदा वितरकाचा झाला, प्रिंटचा खर्च वाचला. पण यंत्र बसवायचा खर्च आला थिएटरवाल्यावर, आणि ही यंत्रं महाग. मग मधला मार्ग निघाला. तिसऱ्याच कंपनीनं यंत्र बसवायचं आणि वितरकानं दर सिनेमामागे तिला भाडं द्यायचं. त्याचं नाव व्हर्च्युअल प्रिंट फी. मराठीत सांगायचं तर न काढलेल्या प्रिंटचे पैसे.

भारतात ही लाट वेगळ्या वाटेनं आली. हॉलीवूडच्या नियमांतलं यंत्र लहान गावाला परवडणारं नव्हतं. तेव्हा २००५ च्या सुमारास यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईची क्यूब यांच्यासारख्या कंपन्यांनी स्वस्त प्रोजेक्टर आणि जास्त दाबलेल्या फायली वापरून इथली पद्धत उभी केली. यूएफओनं तर सिनेमा उपग्रहावरून पाठवला. हॉलीवूडनं या स्वस्त पडद्यांवर आपले सिनेमे द्यायला नकार दिला, म्हणून आपल्याकडे दोन पंगती पडल्या. पण मराठी, तमिळ, भोजपुरी सिनेमांसाठी ही क्रांतीच होती. सात-आठ प्रिंटवर जगणारा मराठी सिनेमा एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर लागू शकला. साताऱ्या-सांगलीकडच्या जत्रांतल्या काही तंबू टॉकीजनीही रिळाची यंत्रं सोडून डिजिटल धरलं.

भांडण पेटलं ते त्या भाड्यावरून. परदेशात यंत्रांची किंमत वसूल झाल्यावर ही फी थांबत गेली, आपल्याकडे चालूच राहिली. मार्च २०१८ पासून तमिळ निर्मात्यांनी याविरुद्ध सुमारे दीड महिना नवे सिनेमेच लावले नाहीत. माझं मत विचाराल तर छोट्या निर्मात्याचा राग मला पटतो. यंत्र एकदा घ्यायचं असतं, पाऊस तर आता पडतही नाही, मग न काढलेल्या प्रिंटचे पैसे किती वर्षं मोजायचे?

"पण रिळाची मजा वेगळी होती ना?"

होती. रिळावर रसायनांचे कण असतात, ते प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी, म्हणून स्थिर भिंतही किंचित श्वास घेतल्यासारखी वाटायची. डिजिटल भिंत थिजलेली असते. काही दिग्दर्शक आजही फितीवर चित्रण करतात. २०२३ च्या 'ओपनहायमर'ची सत्तर मिलिमीटरची आयमॅक्स प्रिंट सुमारे १८ किलोमीटर लांब आणि २७० किलोच्या आसपास होती. पण त्या आठवणी काढणारे आपण बहुतेक जण पहिल्या आठवड्यातली ताजी प्रिंट आठवतो. तिसाव्या आठवड्यात, तिसऱ्या गावात लागलेली, पंधरा ठिकाणी जोडलेली प्रिंट कुणी आठवत नाही. मी पाहिलीय. त्यात एक अख्खं गाणं नव्हतं. ते म्हणे मागच्या गावातल्या ऑपरेटरला आवडलं होतं.

आरसे आणखी कुठे कुठे

सिनेमाबाहेरही हे आरसे आणि डिजिटल प्रोजेक्टर भरपूर कामाला आहेत. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झालं तेव्हा आकाश दाखवायला मध्यभागी जर्मन बनावटीचं यंत्र होतं, २००३ मध्ये त्याची जागा डिजिटल प्रोजेक्शननं घेतली. किल्ल्या-वाड्यांच्या भिंतींवर इतिहास दाखवणारे रात्रीचे खेळ प्रोजेक्टरवरच चालतात.

दाताच्या डॉक्टरांकडे कवळी-टोप्यांचे नमुने छापणारी काही यंत्रं याच आरशांनी द्रवावर उजेड टाकून एकेक थर घट्ट करतात. काही महागड्या मर्सिडीज गाड्यांच्या प्रत्येक हेडलाइटमध्ये दहा लाखांहून जास्त असे आरसे आहेत. समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकापुरता उजेड ते कापतात, बाकी रस्ता उजळलेला ठेवतात. पुणे-बंगळूर हायवेवर रात्री गाडी चालवणारा प्रत्येक जण हे आरसे सगळ्यांना मिळोत असं म्हणेल.

उलट थिएटरांतून प्रोजेक्टरच जाईल अशीही एक वाट आहे. २०१७ मध्ये सोलमधल्या एका थिएटरात सॅमसंगनं पडद्याच्या जागी अख्खी एलईडी भिंत लावली, म्हणजे महाकाय टीव्हीच. काळा खरोखर काळा, केबिनची गरज नाही. अडचण आवाजाची. नेहमीच्या पडद्याला बारीक भोकं असतात आणि मधला स्पीकर त्याच्या मागे असतो, म्हणून संवाद नटाच्या तोंडातून येतो असं वाटतं. भिंतीच्या मागून आवाज कसा आणणार? शिवाय किंमत.

ती डिस्क

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या फिती जपतंय. फितीचं एक बरं असतं, थंड कोरड्या जागी ठेवली तर अनेक दशकं टिकते. आणि कुठलंही यंत्र नसलं तरी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली की त्यात काय आहे ते दिसतं.

माझ्या ओळखीच्या एका निर्मात्यानं दहा-बारा वर्षांपूर्वी छोटा मराठी सिनेमा केला. गेल्या वर्षी एका महोत्सवानं तो मागितला. निर्मात्यानं कपाटातून केशरी प्लॅस्टिकच्या पेटीतली हार्ड डिस्क काढली, लावली, फायली सगळ्या जागेवर. पण कुलूपबंद. जुन्या चावीची मुदत सिनेमा उतरला त्या आठवड्यातच संपलेली. नवी चावी बनवायला जी मूळ चावी लागते ती होती सिनेमाचं गाठोडं बांधणाऱ्या स्टुडिओकडे, आणि तो स्टुडिओ बंद पडून चार वर्षं झालेली. मालकाचा फोन लागेना, कॉम्प्युटर भंगारात गेलेले.

स्वतःचाच सिनेमा, स्वतःच्याच हातात, आणि उघडत नाही. शेवटी महोत्सवात तो लागला, यूट्यूबवर टाकायला म्हणून कधीकाळी काढून ठेवलेल्या एका फायलीवरून.